जुना सर्व्हरचा प्रोसेसर भारी की डेस्कटॉपचा? उत्तर सापडतं सेमूर क्रे नावाच्या माणसाच्या आयुष्यात

साखरखेर्डा. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातलं मोठं गाव. समजा, इथल्या एखाद्या पोराला कॉलेजच्या अभ्यासासाठी जुना कॉम्प्युटर घ्यायचा आहे. बजेट बेताचं. मोबाईलवर शोधाशोध केली की साधारण एकाच किमतीचे दोन डबे समोर येतात.

पहिल्यात आहे इंटेलचा झिऑन ई५-२६७०. म्हणजे कधीकाळी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये राबलेला प्रोसेसर. दुसऱ्यात आहे कोअर आय-७ ३७७०. म्हणजे घरातल्या किंवा ऑफिसातल्या टेबलावरचा. दोन्ही २०१२ साली बाजारात आलेले.

झिऑनमध्ये आठ कोअर आहेत, आय-७ मध्ये चार. मग झिऑन दुप्पट भारी का? वेग बघितला तर गणित उलटं होतं. झिऑनचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, आय-७ चा ३.४ गिगाहर्ट्झ.

म्हणजे प्रश्न असा उरतो: हात थोडे पण चपळ हवेत, की जास्त पण जरा सावकाश?

हा प्रश्न आजचा नाही. याच प्रश्नावर एका माणसाने आपलं सगळं आयुष्य पणाला लावलं होतं. जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर त्याने एकदा नाही, अनेकदा बनवला. त्याचं मत एकच होतं, की हात थोडेच असावेत पण जबरदस्त असावेत. आयुष्याच्या शेवटी मात्र त्याला या मतापासून मागे यावं लागलं.

त्याचं नाव सेमूर क्रे. आणि त्याच्या गोष्टीत मुंबई आणि पुणेही येतं.

तळघरातला पोरगा

सेमूर क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा. गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं चिप्पेवा फॉल्स. हे राज्य दूधदुभत्यासाठी ओळखलं जातं आणि चिप्पेवा फॉल्स हे त्यातलं एक छोटंसं शहर. वडील सिव्हिल इंजिनिअर. पोराचा ओढा बघून त्यांनी घराचं तळघर त्याच्या प्रयोगांसाठी सोडून दिलं.

दहा वर्षांचा असताना त्याने खेळण्यातले सुटे भाग जोडून एक यंत्र बनवलं. कागदी पट्टीवर भोकं पाडायची आणि यंत्राने ती वाचून तारेच्या कडकट्टमध्ये, म्हणजे मोर्स कोडमध्ये, संदेश द्यायचा. पुढे कित्येक वर्षं कॉम्प्युटरला माहिती याच पद्धतीने दिली जायची, हे लक्षात घेतलं की त्या पोराची झेप कळते.

१९४३ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याचं बोलावणं आलं. आधी युरोपात रेडिओचं काम, मग फिलिपिन्समध्ये जपानी सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठातून त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये गणितातली मास्टर्स पूर्ण केली.

त्याच सुमारास तो ईआरए नावाच्या कंपनीत लागला. ही कंपनी चालायची ग्लायडर विमानांच्या एका जुन्या कारखान्यात. कॉम्प्युटर नावाची गोष्टच तेव्हा नवी होती, त्यामुळे शिकवणारं कोणी नव्हतं. क्रे कामातून शिकला आणि काही वर्षांतच कंपनीतला कॉम्प्युटर डिझाइनचा जाणकार झाला.

एक मोठं मशीन, एक टेबलाएवढं

१९५७ मध्ये ईआरएमधल्या काही जणांनी बाहेर पडून कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी, ही नवी कंपनी काढली. क्रेही तिकडे गेला. पैसा कमी होता, म्हणून त्याने बाजारात स्वस्तात मिळणारे ट्रान्झिस्टर उचलले. त्यांचा दर्जा सारखा नसायचा. क्रेने सर्किटच असं आखलं की ट्रान्झिस्टर थोडा इकडचा तिकडचा निघाला तरी काम अडू नये.

यातून १९६० मध्ये आलं सीडीसी १६०४. निर्वात नळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारं, त्या काळातलं अत्यंत वेगवान मशीन.

त्याच काळात क्रेने आणखी एक मशीन आखलं, सीडीसी १६०. हे एका ऑफिसच्या टेबलात मावायचं. तीन दिवसांच्या सुट्टीत त्याने याचं डिझाइन उरकलं, असं सांगितलं जातं. १६०४ एका वेळी ४८ बिटची संख्या हाताळायचं, १६० फक्त १२ बिटची.

म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच माणसाने एकाच वेळी सर्व्हरही बनवला आणि डेस्कटॉपही.

आता यात मुंबई कुठे आली?

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० पर्यंत भारतीय शास्त्रज्ञांनी टिफ्रॅक हा स्वतःचा कॉम्प्युटर बनवला होता. तो निर्वात नळ्यांवर चालायचा आणि देशाची गरज झपाट्याने वाढत होती. १९६४ मध्ये संस्थेत एक मोठी यंत्रणा आली, सीडीसी ३६००-१६०ए. यातलं ३६०० हे १६०४ च्याच घराण्यातलं पुढचं मशीन. १६०ए म्हणजे क्रेच्या टेबलाएवढ्या १६० ची सुधारलेली आवृत्ती.

मोठी आकडेमोड मोठ्या मशीनने करायची आणि कार्ड वाचणं, निकाल छापणं अशी किरकोळ पण वेळखाऊ कामं छोट्याने उरकायची, अशी अशा जोडीतली सर्वसाधारण वाटणी असायची. देशातल्या वेगवेगळ्या संस्थांमधले शास्त्रज्ञ आपली गणितं घेऊन या मशीनकडे यायचे. भारतातली कॉम्प्युटर जाणणारी एक आख्खी पिढी त्याच्यावर घडली.

चौतीस माणसांनी आयबीएमला गाठलं

कंपनी वाढली तशा बैठका वाढल्या आणि फाइली वाढल्या. क्रेला हे सोसेना. १९६२ मध्ये त्याने कंपनीकडून आपल्या गावी, चिप्पेवा फॉल्सला, स्वतःच्या जमिनीवर प्रयोगशाळा बांधून घेतली. मुख्यालय तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर. सहज म्हणून कोणी टपकणार नाही, एवढं अंतर पुरे होतं.

तिथे बनलं सीडीसी ६६००. सेकंदाला सुमारे ३० लाख सूचना पाळणारं हे मशीन १९६४ मध्ये ग्राहकांच्या हाती पडायला लागलं. आधीचं सगळ्यात वेगवान मशीन आयबीएमचं होतं, हे त्याच्या तिप्पट वेगाचं निघालं.

आयबीएम तेव्हा या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी. तिचा प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर याने ऑगस्ट १९६३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना एक चिडकं पत्र लिहिलं. झाडूवाल्यासकट अवघ्या चौतीस माणसांच्या प्रयोगशाळेने आपल्याला मागे टाकलं कसं, असा त्याचा सवाल होता. ते पत्र पुढे कॉम्प्युटरच्या इतिहासात प्रसिद्ध झालं.

६६०० च्या आतली रचना समजून घेण्यासारखी आहे. मधोमध एक मुख्य प्रोसेसर, त्याने फक्त गणितं करायची. भोवती दहा छोटे प्रोसेसर, त्यांची रचना १६०ए सारखी. माहिती आत आणणं, निकाल बाहेर नेणं, टेप आणि प्रिंटर सांभाळणं हे सगळं त्या दहा जणांकडे.

क्रेला एक गोष्ट पक्की कळली होती. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी त्याच्यापर्यंत माहिती वेळेवर पोहोचली नाही तर तो नुसता बसून राहतो. स्वयंपाकी कितीही चपळ असला तरी भाजी चिरून हातात आली नाही तर पंगत खोळंबते, तसंच. म्हणून त्याच्या प्रत्येक मशीनमध्ये मेमरी आणि तिच्यापर्यंतच्या वाटा यांच्यावर प्रोसेसरइतकीच मेहनत असायची.

सोफ्यासारखा दिसणारा सुपरकॉम्प्युटर

६६०० नंतर १९६९ मध्ये ७६०० आलं, तेही जगात पहिल्या नंबरचं. त्यापुढच्या ८६०० मध्ये मात्र घोडं अडलं. त्यात चार प्रोसेसर होते आणि रचना इतकी गुंतागुंतीची झाली की मशीन नीट चालेना. कंपनीकडे पुन्हा नव्याने सुरुवात करायला पैसा नव्हता. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडला आणि त्याने क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली.

पहिलं क्रे-१ मशीन १९७६ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत पोहोचलं. वजन सुमारे साडेपाच टन. वरून बघितलं तर इंग्रजी सी अक्षरासारखं दिसायचं आणि खालच्या बाजूने गोल गादीचं बाकडं. लोकांना वाटायचं सोफाच ठेवलाय.

तो आकार शोभेसाठी नव्हता. विजेचा संकेत कितीही वेगाने गेला तरी एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण प्रकाशाचाच वेग तेवढा आहे. क्रे-१ ची एक टिकटिक १२.५ नॅनोसेकंदांची होती. तारा लांब झाल्या तर संकेत वेळेत पोहोचणार नाही. मशीन गोल केलं की आतल्या बाजूने तारा आखूड राहतात. हजारो तारांची ती जोडणी चिप्पेवा फॉल्सच्या बायकांनी हाताने केली. बाकड्याच्या गादीखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा होती.

क्रे-१ ची खरी ताकद होती व्हेक्टर पद्धतीत. मळणीयंत्रात आपण एकेक शेंग टाकत नाही, पेंढ्या एकामागून एक सोडत राहतो आणि दुसरीकडून दाणे पडत राहतात. तसंच इथे एकच सूचना देऊन ६४ संख्या ओळीने प्रोसेसरमधून निघायच्या. जास्तीत जास्त वेग सेकंदाला १६ कोटी गणितं.

अमेरिकेच्या हवामान संशोधन केंद्राने असं एक मशीन डिस्कसह सुमारे ८८ लाख डॉलरला घेतलं. मेमरी होती ८ एमबी. साखरखेर्ड्याच्या पोरासमोरचा तो जुना आय-७ कागदावर या मशीनच्या शेकडो पट वेगवान आहे.

क्रे स्वतः मात्र प्रसिद्धीपासून लांब राहायचा. समारंभ टाळायचा आणि रात्री उशिरापर्यंत कागद-पेन्सिल घेऊन काम करायचा. डोकं अडलं की घराखाली बोगदा खोदत बसायचा, ही त्याची खोड सगळ्यांना माहीत होती.

भारताला मशीन नाकारलं आणि पुण्यात वेगळी वाट निघाली

१९८० च्या दशकात कॉम्प्युटरच्या जगात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, थोडे पण बलवान प्रोसेसर. दुसऱ्याचं म्हणणं, शेकडो साधे आणि स्वस्त प्रोसेसर जोडा, काम वाटून द्या.

हा वाद शेतावरून चटकन कळतो. वीस एकर सोयाबीन सोंगायचं असेल तर जितके मजूर जास्त, तितकं काम लवकर. कारण प्रत्येक जण आपापली पात धरून चालतो, दुसऱ्यासाठी थांबत नाही. पण विहीर खोदायची असेल तर? आत चारच माणसं मावतात. पन्नास मजूर आणले तर शेहेचाळीस काठावर बसून राहतील.

क्रेचं मत पहिल्या तटाचं. बहुतेक मोठी गणितं विहिरीसारखी असतात, असं त्याला वाटायचं. तरी गरज पडली तिथे तोही थोडा वाकला. १९८५ च्या क्रे-२ मध्ये त्याने चार प्रोसेसर घातले आणि ते तापू नयेत म्हणून सगळी सर्किटं एका खास द्रवात बुडवून ठेवली.

याच काळात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी सुपरकॉम्प्युटर हवा होता. अशी मशीन अण्वस्त्रांच्या गणितांसाठीही वापरता येतात, म्हणून अमेरिकन सरकारने हात आखडता घेतला. बऱ्याच वाटाघाटींनंतर दिल्लीला क्रे कंपनीचं एक्स-एमपी/१४ मिळालं, म्हणजे मागितलेल्यापेक्षा कमी ताकदीचं. त्यात प्रोसेसर एकच होता. त्याहून मोठी मशीन मिळण्याची शक्यता दिसेना.

मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे. क्रेसारखा अजस्र प्रोसेसर घडवणं तेव्हा भारताच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून सी-डॅकने दुसरी वाट धरली. ब्रिटनमधल्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर विकत मिळत होते. त्या प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. असे ६४ प्रोसेसर एकमेकांना जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला.

क्रेला जी वाट पटत नव्हती, त्याच वाटेने पुण्याने पहिला भारतीय सुपरकॉम्प्युटर बनवला. हवामानाचं गणित बहुतांशी सोयाबीनसारखं आहे, म्हणून ते जमलं. नकाशाचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा आणि शेजाऱ्यांनी फक्त सीमेवरची माहिती एकमेकांना सांगायची.

हरलेली बाजी

क्रेची पुढची झेप होती क्रे-३. सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइड वापरून चिप्स आणखी वेगवान करायच्या. खर्च वाढत गेला. १९८९ मध्ये तो स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून वेगळा झाला आणि कोलोराडो स्प्रिंग्सला क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही नवी कंपनी घेऊन बसला.

पण जग बदललं होतं. शीतयुद्ध संपलं, त्यामुळे सरकारी प्रयोगशाळांचा पैसा आटला. दुसरीकडे टेबलावरच्या कॉम्प्युटरचे प्रोसेसर लाखोंनी खपत होते. त्या विक्रीतून मिळालेला पैसा पुढच्या चिपमध्ये जात होता, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी त्यांचा वेग उडी मारत होता. क्रेचं एकेक मशीन हाताने घडायचं. या शर्यतीत तो कितीही हुशार असला तरी पुरा पडणं अवघड होतं.

१९९३ मध्ये एक क्रे-३ अमेरिकेच्या हवामान केंद्राला वापरायला मिळालं. विकलं मात्र एकही गेलं नाही. मार्च १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. क्रे तेव्हा सत्तरीला टेकला होता.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. क्रेने १९९६ मध्ये एसआरसी कॉम्प्युटर्स ही आणखी एक कंपनी काढली. आणि या वेळी त्याने तीच वाट धरली जिला तो आयुष्यभर विरोध करत आला होता. पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडायचे. फक्त त्याचं लक्ष होतं जुन्याच दुखण्यावर: मेमरी आणि प्रोसेसरमधल्या वाटांवर. पुष्कळ हात असलेल्या मशीनचं घोडं तिथेच अडतं, हे त्याला कळत होतं.

ते मशीन त्याच्या हातून झालं नाही. २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोराडो स्प्रिंग्सजवळच्या महामार्गावर त्याच्या गाडीला अपघात झाला. एकाहत्तरावा वाढदिवस दवाखान्यातच गेला. ५ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला.

दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, इंटेलच्या आस्की रेड या मशीनने सेकंदाला एक लाख कोटी गणितांचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडला. त्यात हजारो पेंटियम प्रो प्रोसेसर होते. हाच पेंटियम प्रो ऑफिसातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्येही मिळायचा आणि छोट्या सर्व्हरमध्येही.

१९९८ मध्ये इंटेलने सर्व्हरसाठी वेगळं नाव आणलं, झिऑन. तिथून एकाच घराण्याच्या दोन शाखा झाल्या.

मग साखरखेर्ड्याच्या पोराने काय घ्यावं?

आता सुरुवातीचे दोन डबे पुन्हा बघा.

झिऑन ई५-२६७० मध्ये आठ कोअर आहेत आणि मेमरीकडे जाणाऱ्या वाटा चार. आय-७ ३७७० मध्ये कोअर चार आणि वाटा दोन. झिऑनला ३८४ जीबीपर्यंत मेमरी लावता येते, आय-७ ला ३२ जीबी. झिऑन मेमरीतल्या बारीक चुका ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅमही वापरू शकतो. इथवर झिऑन पुढे आहे.

पण एकट्या कोअरचा वेग बघा. जोर लावला तर झिऑन ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आय-७ ३.९ पर्यंत. वीज बघा. झिऑनची मर्यादा ११५ वॉट, आय-७ ची ७७ वॉट. इन्व्हर्टरवर काम करायची वेळ आली तर हा फरक जाणवतो. शिवाय आय-७ मध्ये स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय आतच आहे. या झिऑनला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि मदरबोर्डही वेगळा लागतो. तो बिघडला तर जवळपास मिळेलच असं नाही.

म्हणून आधी प्रोसेसर बघू नका, आपलं काम बघा.

टायपिंग, ऑनलाइन अर्ज, ब्राउझर, कोडिंग शिकणं, जुने गेम, फोटो एडिटिंग ही बहुतेक विहिरीसारखी कामं आहेत. एकच कोअर पळत असतो, बाकीचे काठावर बसलेले असतात. इथे आय-७ बरा.

लांबलचक व्हिडिओ रेंडर करणं, थ्रीडी चित्रं बनवणं, एकाच मशीनवर चार-पाच आभासी कॉम्प्युटर चालवून नेटवर्किंग शिकणं, किंवा एका क्लासमधल्या दहा-बारा जणांना एकाच सर्व्हरवरून फाइली पुरवणं ही सोयाबीनची सोंगणी आहे. इथे झिऑनचे आठ हात कामाला येतात.

आणि कुठलाही घेतला तरी सेमूर क्रेची एक गोष्ट विसरू नका. झिऑनला चार वाटा असून एकच रॅमची पट्टी लावली, तर तीन वाटा ओसाड राहतात. जुन्या मशीनला हार्ड डिस्कच ठेवली, तर दोन्ही प्रोसेसर माहितीची वाट बघत बसतात. जुना कॉम्प्युटर घेताना थोडे पैसे मागे ठेवून एक एसएसडी आणि रॅमच्या सारख्या पट्ट्या घेतल्या, तर प्रोसेसर बदलण्यापेक्षा त्याचा फरक बहुतेक वेळा जास्त पडतो.